बायोप्सीच्या रिपोर्टला चार दिवस का लागतात? तुकडा ‘पारदर्शक’ करणाऱ्या झायलीनची गोष्ट

“सीबीसीचा रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, मग बायोप्सीलाच चार दिवस कशाला?”

मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि हा प्रश्न मला काउंटरवर, लग्नात, लोकलमध्ये, कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. घरातल्या कुणाची तरी गाठ काढलेली असते, ती साधी आहे की कॅन्सरची हे कळायचं असतं आणि सगळ्या घराचा श्वास अडकलेला असतो. अशा वेळी ‘प्रोसेस चालू आहे’ एवढंच उत्तर मिळालं तर राग येणारच.

म्हणून आज ती ‘प्रोसेस’ नेमकी काय असते ते बघू. त्यातल्या एका पायरीवर आपण जास्त वेळ थांबणार आहोत, कारण तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्या पायरीचं नाव आहे क्लिअरिंग.

तुकडा सरळ मायक्रोस्कोपखाली का ठेवता येत नाही?

रक्ताचं काम त्या मानाने सोपं आहे. रक्त पातळ असतं, त्यातल्या पेशी आधीच सुट्या असतात. मशीन त्या मोजतं आणि आकडे देतं.

गाठीचा तुकडा तसा नसतो. तो घट्ट असतो, त्यात पेशींचे थरावर थर असतात. मायक्रोस्कोपमध्ये प्रकाश खालून येतो, नमुन्यातून आरपार जातो आणि मग डोळ्यापर्यंत पोचतो. चार मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून तो पोचणारच नाही. म्हणून तुकड्याचे काप करावे लागतात, आणि तेही ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत आमचे पंधरा-वीस काप बसतील!

आता विचार करा, मऊ लोण्यासारख्या तुकड्याचा इतका पातळ काप निघेल का? नाही. तो दबेल, फाटेल. म्हणून त्याला आतून-बाहेरून आधार द्यावा लागतो. हा आधार म्हणजे पॅराफिन मेण. वितळलेलं मेण तुकड्याच्या कणाकणात शिरवायचं, मग थंड करून त्याची वडी करायची. या वडीला आम्ही ‘ब्लॉक’ म्हणतो. ब्लॉक मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर लावला की हवे तेवढे पातळ काप निघतात.

एवढं ऐकून वाटतं, मग घाला की मेणात! पण खरी अडचण इथेच आहे.

पाणी आणि मेण यांच्यात दुभाष्या हवा

शरीराच्या तुकड्यात मुख्यतः पाणी असतं. पाणी आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत. ओला तुकडा तसाच मेणात टाकला तर मेण बाहेरच राहील, आत पाणीच.

अशी कल्पना करा, की एकाला फक्त मराठी येतं आणि दुसऱ्याला फक्त तमिळ. दोघांचं बोलणं व्हायचं तर मध्ये दोन्ही भाषा येणारा कुणीतरी पाहिजे. आमच्याकडे असे दोन दुभाषे लागतात:

१. अल्कोहोल. हे पाण्यात मिसळतं, म्हणून तुकड्यातलं पाणी बाहेर काढायला ते वापरतात. पण अल्कोहोल मेणात नीट मिसळत नाही.

२. झायलीन. हे अल्कोहोलमध्येही मिसळतं आणि वितळलेल्या मेणातही. म्हणजे ते अल्कोहोलला बाहेर काढतं आणि मेणासाठी जागा करून देतं.

अल्कोहोल बाहेर, झायलीन आत, ही जी अदलाबदल आहे तिलाच क्लिअरिंग म्हणतात. झायलीन हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा ‘क्लिअरिंग एजंट’.

यात घाई चालत नाही. तुकडा थेट १०० टक्के अल्कोहोलमध्ये टाकला तर पाणी झटकन निघून जातं आणि पेशी आक्रसून वेड्यावाकड्या होतात. म्हणून ७० टक्क्यांपासून सुरुवात करून पायरीपायरीने वर जायचं. हे सगळं टिश्यू प्रोसेसर नावाचं यंत्र रात्रभर करतं. १२ थांबे असलेल्या यंत्रात क्रम साधारण असा असतो:

- फॉर्मलिन: १ भांडं
- अल्कोहोल, ७० पासून १०० टक्क्यांपर्यंत: ६ भांडी
- झायलीन: २ भांडी
- वितळलेलं मेण, साधारण ६० अंश सेल्सिअसला: ३ भांडी

प्रत्येक भांड्यात तासभर किंवा थोडा जास्त वेळ धरला तरी बारा ते सोळा तास सहज जातात. तुमचा रिपोर्ट एक रात्र कुठे अडकतो, ते आता कळलं ना?

‘क्लिअरिंग’ हेच नाव का?

कारण झायलीनमध्ये गेलेला तुकडा खरोखर पारदर्शकपणाकडे झुकतो. अल्कोहोलमधून निघताना तो पांढुरका, अपारदर्शक असतो. झायलीनमध्ये थोडा वेळ गेला की काचेसारखा दिसायला लागतो, उजेडासमोर धरला तर आरपार प्रकाश येतो.

असं का होतं हे वडापावच्या कागदाला विचारा. कोरड्या कागदातून पलीकडचं दिसत नाही, पण तेलाचा डाग पडला की तिथून उजेड दिसतो. तेलाने कागदाला भोक पाडलेलं नसतं. मग होतं काय?

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना वाकतो आणि थोडा परावर्तितही होतो. किती, ते दोन्ही पदार्थांच्या अपवर्तनांकातल्या फरकावर ठरतं. हवेचा अपवर्तनांक सुमारे १.००, पाण्याचा १.३३, खाद्यतेलाचा सुमारे १.४७ आणि कागदाच्या धाग्यांचा साधारण १.५ च्या आसपास. कोरड्या कागदात धागा, हवा, धागा, हवा असं चालू असतं. प्रत्येक ठिकाणी प्रकाश विखुरतो आणि कागद पांढरा, अपारदर्शक दिसतो. तेल हवेची जागा घेतं. तेल आणि धागा यांच्या अपवर्तनांकात फारसा फरक नसल्यामुळे प्रकाश न अडखळता पुढे जातो.

तुकड्याचंही तसंच. पेशींमधली प्रथिनं आणि आसपासचं पाणी यांच्यातल्या फरकामुळे मांस अपारदर्शक दिसतं. झायलीनचा अपवर्तनांक सुमारे १.५० आहे, प्रथिनांच्या जवळपास. म्हणून विखुरणं कमी होतं.

घरी करून बघा (मोबाइल लागेल)

- वहीच्या कोऱ्या कागदाचे तीन तुकडे घ्या. एक कोरडा ठेवा, एकावर पाणी लावा, एकावर खाद्यतेल.
- मोबाइलवर मोठ्या अक्षरांचं एखादं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा. स्क्रीनवर आधी प्लास्टिकचा पातळ कागद टाका, नाहीतर घरी बोलणी खाल.
- तिन्ही तुकडे स्क्रीनपासून थोडे वर, सारख्याच उंचीवर धरा आणि अक्षरं वाचून बघा.

कोरड्यातून सगळ्यात वाईट दिसेल, पाण्यातून जरा बरं, तेलातून सगळ्यात चांगलं. आकडे पुन्हा बघा: १.००, १.३३, १.४७. आमच्या लॅबमधलं शास्त्र हेच आहे, फक्त तेलाऐवजी झायलीन. आणि हो, झायलीन घरी आणून प्रयोग करायचा नाही. का, ते पुढे येतंच आहे.

ही पायरी बिघडली तर?

बायोप्सीचा तुकडा कधी कधी तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतो. तो बिघडला तर पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागते, आणि काही वेळा दुसरा नमुना मिळतच नाही. म्हणून आम्ही या गोष्टींवर डोळा ठेवतो:

झायलीन दुधाळ झालं. म्हणजे तुकड्यात पाणी उरलेलं आहे. झायलीन आणि पाणी मिसळत नाहीत, त्यामुळे बारीक थेंब तयार होऊन द्रव गढूळ होतो. तुकडा परत अल्कोहोलमध्ये न्यायचा आणि पाणी पूर्ण काढायचं.

क्लिअरिंग कमी झालं. अल्कोहोल आत राहिलं, तिथे मेण शिरलं नाही. तुकड्याचा मधला भाग मऊ राहतो, काप घेताना तिथे भोक पडतं किंवा तुकडा ब्लॉकमधून सुटून येतो.

क्लिअरिंग जास्त झालं. झायलीनमध्ये फार वेळ राहिलेला तुकडा कडक आणि ठिसूळ होतो. काप घेताना शिळ्या टोस्टसारखा त्याचा चुरा होतो.

थोडक्यात, कमी वेळ दिला तरी नुकसान, जास्त दिला तरी नुकसान. “पैसे जास्त घ्या पण आजच द्या” असं कुणी म्हणतं तेव्हा आम्ही नाही म्हणतो, ते यामुळे.

झायलीन पुन्हा दोनदा भेटतं

मेणात बसवलेला तुकडा कापला, काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेच्या स्लाइडवर घेतला. पण अजून तो रंगहीन आहे, पेशी ओळखू येत नाहीत. त्याला रंग द्यायचा तर हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग लागतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी.

हिमॅटॉक्सिलिनचं द्रावण पाण्यातलं आणि काप मेणातला! मग उलटा प्रवास: झायलीनने मेण विरघळवायचं, मग अल्कोहोल, मग पाणी, मग रंग. रंग झाले की परत सुलटा प्रवास: अल्कोहोल, झायलीन आणि शेवटी डीपीएक्स नावाचा चिकट पारदर्शक पदार्थ लावून वर कव्हरस्लिप.

शेवटच्या वेळी झायलीन खऱ्या अर्थाने ‘क्लिअर’ करतं. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२, डीपीएक्सचाही तेवढाच. काच, काप आणि डीपीएक्स यांच्यातून प्रकाश जवळपास सरळ जातो. इथे थोडं पाणी राहिलं तर सगळी स्लाइड धुक्यातून बघितल्यासारखी दिसते.

या प्रवासातल्या दोन मजेशीर गोष्टी:

- आम्ही पेन्सिलीने लिहितो. पेनची आणि मार्करची शाई बहुतेक वेळा अल्कोहोल आणि झायलीनमध्ये धुऊन जाते. नाव गेलं म्हणजे नमुना कुणाचा तेच कळणार नाही. पेन्सिलीचं ग्रॅफाइट विरघळत नाही.
- चरबीच्या पेशी रिकाम्या दिसतात. अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवून टाकतात. स्लाइडवर उरतात ती पांढरी, गोल, रिकामी घरं. चरबीच बघायची असेल तर झायलीन टाळून तुकडा गोठवूनच कापावा लागतो.

गोठवून लवकर होत असेल तर नेहमी तसंच का नाही?

ऑपरेशन चालू असताना सर्जनला लगेच उत्तर हवं असतं, तेव्हा ‘फ्रोझन सेक्शन’ करतात. तुकडा उणे २० अंशांच्या आसपास गोठवून कापायचा. मेण नाही, झायलीनची मोठी पायरी नाही, अर्ध्या तासाच्या आत अंदाज मिळू शकतो. पण गोठताना पाण्याचे स्फटिक होतात, पेशींची रचना बिघडते आणि बारकावे तेवढे स्पष्ट राहत नाहीत. म्हणून फ्रोझननंतरही नेहमीची पद्धत करूनच अंतिम रिपोर्ट देतात.

मग चार दिवसांचा हिशोब असा

- पहिला दिवस: तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरतो. स्तनाच्या गाठीसाठी तर किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास फॉर्मलिनमध्ये ठेवावं असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मग डॉक्टर तो बघून योग्य भाग निवडतात आणि रात्री यंत्र चालू होतं.
- दुसरा दिवस: मेणाचे ब्लॉक, काप, रंग, स्लाइड तयार.
- तिसरा दिवस: पॅथॉलॉजिस्ट स्लाइड बघतात. गरज वाटली तर अजून खोलवरचे काप मागतात.
- चौथा दिवस आणि पुढे: शंका असेल तर खास रंग किंवा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. हाड असेल तर आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, त्यालाच कित्येक दिवस जाऊ शकतात.

उशीर झाला म्हणजे कॅन्सरच असणार, असा अर्थ लावू नका. हाडाचा साधा तुकडासुद्धा आठवडा घेऊ शकतो.

झायलीन वाईट का, आणि पर्याय काय?

झायलीनचा वास रंगाच्या दुकानासारखा. वाफ नाकात गेली की डोकं दुखतं, गरगरतं, डोळे चुरचुरतात. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा नियमांत ८ तासांच्या कामासाठी हवेतली मर्यादा १०० पीपीएम आहे. दुसरा धोका आगीचा. झायलीनची वाफ साधारण २५ ते ३२ अंश सेल्सिअसलाच ठिणगीने पेट घेऊ शकते. विदर्भातला उन्हाळा आठवा, म्हणजे काय ते कळेल.

साधा सर्जिकल मास्क ही वाफ अडवत नाही. लॅटेक्सचे हातमोजे झायलीनसमोर टिकत नाहीत, नायट्राइलचेही थोड्या शिंतोड्यापुरतेच. खरा उपाय म्हणजे वाफ ओढून घेणारं फ्यूम हूड, खेळती हवा आणि वापरलेलं झायलीन सिंकमध्ये न ओतता वेगळं गोळा करणं. तुमच्यापैकी कुणी डीएमएलटी करत असाल तर ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी ‘हूड कुठे आहे?’ हे विचारा. लाजू नका, फुप्फुसं तुमची आहेत.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाची काहीतरी अट आहे:

- बेंझिन: एकेकाळी वापरायचे. रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो म्हणून आता बाद.
- क्लोरोफॉर्म: पेटत नाही, तुकडा फार कडक करत नाही. पण हळू चालतं आणि यकृताला घातक.
- सीडरवुड तेल: देवदाराच्या जातीच्या झाडांचं तेल. अगदी सौम्य, पण फार वेळखाऊ आणि महाग.
- लिमोनीन: संत्र्याच्या सालीच्या तेलातला मुख्य घटक. नागपुरी संत्र्याची साल फुगलेल्या फुग्याजवळ पिळली की फुगा फुटतो ना, ती करामत याचीच. ते रबर विरघळवतं. झायलीनपेक्षा कमी विषारी, पण वास उग्र, त्वचेला त्रास होऊ शकतो आणि किंमतही जास्त.

अख्खा मेंदू पारदर्शक करता येईल का?

येतो! जर्मन शरीररचनातज्ज्ञ वेर्नर श्पाल्टेहोल्झ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अख्खे अवयव पारदर्शक केले होते. त्यांनी वापरलेल्या द्रवांत विंटरग्रीन तेल होतं. त्याचा मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट. अंगदुखीच्या कितीतरी मलमांचा तो ओळखीचा वास याचाच.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्ल डायसेरॉथ यांच्या गटाने ‘क्लॅरिटी’ ही पद्धत मांडली. उंदराच्या मेंदूत जेलची जाळी तयार करायची, मग साबणासारख्या रसायनाने चरबी काढून टाकायची. न कापता सगळा मेंदू आतपर्यंत बघता येतो.

२०२४ मध्ये तर स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी टार्ट्राझिन हा खाण्याचा पिवळा रंग जिवंत उंदराच्या कातडीवर चोळून ती काही काळ पारदर्शक केली. हा रंग निळा प्रकाश जोरात शोषतो, त्यामुळे लाल प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढतो आणि तो कातडीतल्या प्रथिनांच्या जवळ जातो. धुतलं की कातडी पुन्हा पूर्ववत. हा प्रयोग उंदरावरचा आहे. रील बनवायला स्वतःच्या हातावर रंग चोळत बसू नका.

एआय आलं तरी झायलीन सुटत नाही

आता स्लाइड स्कॅन करून दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना पाठवता येतात. ४० एक्सवर स्कॅनमध्ये एक पिक्सेल साधारण ०.२५ मायक्रोमीटरचा असतो. १५ मिमी लांब-रुंद काप म्हणजे ६०,००० गुणिले ६०,००० पिक्सेल, म्हणजे ३,६०० मेगापिक्सेल. तुमच्या ५० मेगापिक्सेलच्या फोनचे ७२ फोटो!

पण क्लिअरिंग नीट झालेलं नसेल तर या ३,६०० मेगापिक्सेलमध्ये फक्त धुकं दिसणार. फोटोतला ब्लर एखादं अ‍ॅप गोड करून देईल, पण जी पेशी चुरा झाली ती कुठलंच एआय परत आणू शकत नाही.

नमुन्याची बाटली तुमच्या हातात दिली तर

आपल्याकडे बऱ्याचदा नातेवाइकांनाच बाटली लॅबमध्ये पोचवायला सांगतात. तेव्हा एवढं बघा:

- बाटलीवर पेशंटचं पूर्ण नाव आणि तुकडा कुठून घेतला ते लिहिलंय का? झाकणावर नाही, बाटलीवर. झाकणं बदलू शकतात.
- तुकडा द्रवात पूर्ण बुडालाय का? द्रव तुकड्याच्या किमान दहा पट असावा.
- द्रव ओतून टाकू नका, पाणी घालू नका. काही तपासण्यांसाठी मुद्दाम वेगळा द्रव दिलेला असतो. शंका आली तर डॉक्टरांना फोन करा.
- फ्रीजरमध्ये ठेवू नका. बाटली उघडून वास घेऊ नका. फॉर्मलिन घातक आहे.
- डॉक्टरांनी दिलेला फॉर्म बाटलीसोबतच द्या. वय, लक्षणं, आधीचे रिपोर्ट यांचा निदानाला खरोखर उपयोग होतो.

आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर फक्त रिपोर्टचा पीडीएफ नेऊ नका. लॅबकडे स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागा. नीट क्लिअर झालेला ब्लॉक साध्या खोलीत वर्षानुवर्षं टिकतो आणि गरज पडली तर त्यातून पुन्हा नवे काप काढता येतात.